वहीतला सातवा हात

कपाटाची किल्ली श्यामलाने सकाळपासून तीनदा चाचपून पाहिली. कमरेलाच होती. बेचाळीस वर्षं कमरेला असलेली वस्तू आज, एका रविवारी सकाळी, कुठे जाणार होती? पण मन धास्तावलं की तिचा हात तिथेच जायचा.

बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट सताड उघडं होतं. लाल कापडाच्या बासनांत बांधलेल्या एकतीस वह्या जेवणाच्या टेबलावर, दिवाणावर, टीव्हीच्या फळीवर मांडल्या होत्या. नामावळीच्या वह्या. गोदेवर, इथल्या गंगेवर, अस्थी घेऊन आलेले, नवस फेडायला आलेले, नुसते स्नानाला आलेले यजमान; त्यांची गावं, त्यांची कुळं, बाप, आजे, पणजे. दोनशे वर्षांची माणसं कापडात गुंडाळून ठेवलेली. जुनं घर पाडून ही इमारत झाली तेव्हा बाकीचं सामान टेम्पोतून गेलं होतं. वह्या तिच्या नवऱ्याने, दिवाकरांनी, एकेक करून डोक्यावरून नेल्या होत्या.

“आई, चहा आत्ता नको. टेबलावर पाण्याचा थेंबसुद्धा नको,” आभा म्हणाली. हातात पांढरे सुती मोजे, कपाळावर आठी. पुण्याची अकरा वर्षांची नोकरी सोडून ती दोन वर्षांपूर्वी परत आली, आणि आल्या आल्या गोदाघाट इतिहास मंडळाची कार्यवाह झाली. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक खोली आणि हट्टी माणसं पंधरा. पण या पंधरा जणांनी घाटावरची पडकी दीपमाळ उभी केली होती, गाळाने भरलेली बारव उपसली होती. त्यासाठी दिनदर्शिका विकल्या, रविवारी सकाळी वारसाफेऱ्या काढल्या, एका दिवाळीत आकाशकंदीलसुद्धा केले. आता वह्यांची पाळी होती. ‘पान दत्तक’ अशी योजना आभानेच काढली. आपल्या पूर्वजांचं पान ज्यानं त्यानं दत्तक घ्यायचं, त्याच्या देणगीतून त्या पानाची डागडुजी. त्यात मुंबईच्या एका न्यासाने सगळ्या कामाचा मोठा भार उचलायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की निदान एका घराच्या सगळ्या वह्या मिळाव्यात, सगळ्या भाऊबंदांच्या सह्या असाव्यात, आणि प्रत्येक वही कुणाच्या हातची ते तक्त्यात भरलेलं असावं. न्यासाची माणसं उद्या येणार होती.

दिवाकर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. अंगावर उपरणं, उजवा हात उपरण्याखाली.

श्यामला त्यांच्या शेजारी वाकली. “गोळी घेतलीत?”

“दोन घेतल्या.” त्यांनी आवाज खाली आणला. “सहीचं काय करायचं?”

“सगळे गेल्यावर निवांत करा. कागद इथेच ठेवून जा म्हणावं.”

“यादव सर बसून राहणार. ते साक्षीदार आहेत.”

“मग अंगठा.”

दिवाकरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने नजर वळवली. “वहीवाल्यानं अंगठा लावायचा?” ते म्हणाले. “अंगठे मी घेत आलो गं लोकांचे.”

अकरा वर्षं झाली. आधी करंगळी थरथरायला लागली, मग अक्षर. यजमानाच्या आज्याचं नाव लिहिताना एकदा शाईची रेघ पार समासात गेली. वहीत खाडाखोड करायची नाही, हा घरचा कायदा. ती रेघ आजही तिथे आहे. त्या दिवशी दिवाकर घरी आले, वही टेबलावर ठेवली आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवसापासून ते यजमानांना सांगू लागले, नावं चिठ्ठीवर द्या, वहीत खाली सही करून ठेवा, घाटावर वारा फार, घरी बसून नीट चढवतो. घरी बसून चढवायची श्यामला. तिचे वडील मामलेदार कचेरीत जुन्या दप्तराचे कारकून. पोरीला त्यांनी पाटीवर मोडी शिकवली होती, खेळ म्हणून, त्यामुळे जुनी पानं तिला वाचता यायची; नवी देवनागरीतच लिहायची. सुरुवातीला तिने नवऱ्याचं अक्षर गिरवलं, तोच तिरपा काना, तीच लांब वेलांटी. पुढे पुढे हात आपल्या वळणावर गेला. लिहिताना ती गुणगुणायची. आईच्या जात्यावरची चाल, शब्द हिचे:

*नाव लिहिते दुज्यांचं, माझं राहिलं पल्याड*
*गंगाबाईच्या घराला, नाही चौकट ना कवाड*

हे दिवाकरांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

*

प्रफुल्ल आला तो निळी फाइल काखेत धरून. दिवाकरांचा धाकटा भाऊ. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. घाटावर एक दिवस बसला नाही, पण वह्यांत त्याचा वाटा होताच. त्याच्या मागून त्याची बायको प्रतिभा, हातात डब्याची पिशवी.

“कपाट उघडं बघून कसंतरीच वाटतं,” प्रफुल्ल म्हणाला. “आमच्या लहानपणी याला हात लावला की बाबा पट्टीनं मारायचे. आता सगळं इंटरनेटवर जाणार. कुणीही उठावं, मोबाईलवर यजमान शोधावा.”

“काका, मी तीनदा सांगितलंय. नावं उघड्यावर जाणार नाहीत. घरचे आणि मंडळ, एवढ्यांनाच दिसतील.”

“तू सांगितलंस गं. सिंहस्थ तोंडावर आलाय, तेव्हा घाटावर कोण कुणाचं ऐकतं ते मला बघायचंय.”

यादव सर तक्त्यावरून डोकं वर न काढता हसले. शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, मंडळाचा अध्यक्ष, आणि भिडस्त इतका की दुसऱ्याच्या घरी खुर्ची सरकवायलाही परवानगी मागायचा. “प्रफुल्लराव, बसा. सह्यांच्या आधी एक बारीकसं काम उरलंय. मंडळाने बोलावलेल्या अक्षरतज्ज्ञ बाईंनी सगळ्या वह्या पाहिल्या. एकूण सात हात सापडले. म्हणजे सात लिहिणारे. पहिला हात तुमच्या खापरपणजोबांचा. सहावा दिवाकरपंतांचा. आणि सातवा…” त्यांनी चष्मा पुसला. “सातव्याचं नाव रिकामं आहे. अकरा वर्षांपूर्वीपासून पुढे सगळी पानं त्याच हातची आहेत.”

श्यामलाचा हात कमरेला गेला.

“रकाना कुणी रिकामा ठेवला?” प्रफुल्लने विचारलं.

“मी,” आभा म्हणाली. तिने मान वर केली नाही.

प्रफुल्लने फाइल उघडली. घाई नाही, राग नाही. त्याने हा कागद आज आणायचं आधीच ठरवलं असावं. “आजोबांचं वाटणीपत्र. तालुक्यावार वह्या वाटल्यात. दादाकडे येवला, निफाड, चांदवड; माझ्या वाट्याला बंद पडलेल्या जुन्या वह्या. आणि शेवटचं कलम वाचतो. ‘ज्याचे वाटणीस वही असेल त्याने ती स्वहस्ते अथवा पगारी कारकुनाकडून लिहवावी. तसे न घडल्यास वही दुसरे भावाकडे जावी.’ दादा, अकरा वर्षं कोण लिहितंय?”

दिवाकर खिडकीबाहेर बघत होते.

“भाऊजी, आज हे कशाला?” श्यामला म्हणाली.

“मग कधी, वहिनी? तनयच्या कारखान्यातला विभाग बंद होऊन सात महिने झाले. बत्तीस वर्षांचा मुलगा सकाळी उठून अंघोळ करून बसून राहतो. मी दादाला दिवाळीत म्हटलं, एक वही दे, पोरगा घाटावर बसेल, शिकेल. दादा म्हणाला, माझे हातपाय चालतायत तोवर मी लिहिणार. म्हणालास ना? बरं, लिही. पण लिहितोयस कुठे?” त्याने टेबलावरची येवल्याची वही ओढली आणि मधलंच पान उघडलं. आभा मोजे पुढे करत होती, त्याचं लक्ष नव्हतं. “आणि हे बघ. ‘सून मंजुळा, गळा गोड.’ हे काय आहे? ‘थोरली कन्या ठकू, नांदायला गेली नाही, घरीच राहिली.’ अशी नावं घेतात वहीत? मुलगी लग्न झालं की सासरच्या वहीत. लहानपणी गेलेलं मूल तर घेतच नाहीत. यादव सर, तुम्ही सांगा. असली वही न्यासाला चालेल?”

यादव सरांनी पुन्हा चष्मा पुसला. “लिहिणारा कोण ते कळलं तर चालेल. निनावी हातानं जास्तीची नावं घातलीत म्हटलं तर… शंका घेतील. वहीच खरी आहे का, इथपर्यंत जातील.”

“मी चहा टाकते,” श्यामला म्हणाली. आभाने नको म्हटलं होतं हे तिला ओट्यापाशी पोचल्यावर आठवलं.

*

प्रतिभा मागोमाग आली आणि दार लोटून घेतलं.

“ताई, तुमच्या लोणच्याच्या बरण्या गेली वीस वर्षं माझ्या फडताळात आहेत,” ती म्हणाली. “प्रत्येकीवर चिठ्ठी. तुमचं ‘लोणचं’ मी झोपेत ओळखीन.”

श्यामलाने गॅस पेटवला. पातेलं ठेवलंच नव्हतं. प्रतिभाने हात पुढे करून गॅस बंद केला.

“कधीपासून माहीत आहे?”

“गौरींच्या वेळी वही उघडी राहिली होती. तेव्हापासून. ह्यांना मी सांगितलेलं नाही.” तिने पिशवीतून डबा काढला आणि ओट्यावर ठेवला, जणू त्यासाठीच आत आली होती. “ऐका. कलमात पगारी कारकून चालतो. तुम्ही पगारी नाही. घरची बाई लिहिते म्हणालात तर ह्यांचा हक्क लागतो, तिन्ही तालुक्यांवर. आणि मोठ्या भावजींच्या हाताचं चारचौघांत होईल ते वेगळंच.”

“तुला त्याचंही ठाऊक आहे.”

“पंगतीत डाव्या हातानं वाटी धरून आमटी पितात. आंधळी नाही मी.” ती जवळ आली. “पुंजा दप्तरी आठवतो? वह्या शिवायला यायचा. करोनात गेला. मागं पुढं कुणी नाही त्याला. तोच पगारावर लिहायचा म्हणा. तक्त्यात त्याचं नाव जाईल. सरांचं काम होईल. निफाड, चांदवड तुमच्याकडे राहील. मी ह्यांना येवल्यावर राजी करते. तनयला एक वही मिळाली की ह्यांचा जीव शांत होईल. कुणाचं काही जात नाही, ताई.”

“तो गेल्यावरची पानं?”

“तारखा कोण बघतंय? नंतर दुसरा कुणीतरी होता म्हणायचं.”

श्यामला खिडकीच्या गजातून खाली बघत राहिली. भाजीवाल्याची हातगाडी, मेथीच्या जुड्या, पलीकडे मालेगाव स्टँडकडे जाणारा रस्ता. प्रतिभा वाईट बोलत नव्हती. पोराची आई बोलत होती, आणि त्यातही जावेसाठी थोडी जागा ठेवून बोलत होती. कुणाचं काही जात नाही. अकरा वर्षांच्या संध्याकाळी, शाईचं बोट, लिहून झाल्यावर ओल्या अक्षरावर घातलेली फुंकर. पुंजा भला माणूस होता. त्याला एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

“ह्यांना विचारते,” ती म्हणाली.

विचारायची वेळच आली नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा दिवाकर बोलत होते. खोल, घाटावरच्या मंत्राच्या आवाजात, ज्यात कधी थरथर नसायची.

“पुंजा लिहायचा. पुंजा दप्तरी. मी सांगायचो, तो लिहायचा. वर्षाला ठरावीक देत होतो.”

श्यामलाने दाराची चौकट धरली. दोघांनी ठरवून बोलल्यासारखं, तेच नाव. दिवाकरांना सुचलं ते त्यांचं त्यांनाच सुचलं होतं. कुणी न सांगता, एका फटक्यात, शेजारच्या खोलीत बायको असताना त्यांना एक मेलेला माणूस आठवला.

प्रफुल्लने भुवया उंचावल्या. प्रतिभा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “येवल्याचं बोला,” ती हळूच म्हणाली. “देतील येवला. हो ना, भावजी?”

“देतो,” दिवाकर म्हणाले.

“मग माझं काही म्हणणं नाही,” प्रफुल्ल म्हणाला, आणि फाइल मिटली.

यादव सरांचा सुटलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. “घ्या, सोपं होतं. आभा, लिही. हात क्रमांक सात, पुंजा दप्तरी.”

आभाने पेन उचललं. कागदावर टेकवलं नाही. ती पहिल्यांदाच आईकडे बघत होती. बघता बघता श्यामलाला कळलं की शाळेच्या डब्यात झाकणाखाली ठेवलेल्या चिठ्ठ्या, ‘भाजी संपव, पोळी मैत्रिणीला दे’, त्या या पोरीनेही वाचल्या होत्या. दहा वर्षं, रोज. हे अक्षर तिला तज्ज्ञ बाईंच्याही आधी दिसलं असणार.

“आई, लिहू?”

श्यामलाने दिवाकरांच्या उपरण्याकडे पाहिलं. कापड थरथरत होतं, पंख्याच्या वाऱ्याने नव्हे.

“लिही,” ती म्हणणार होती. तेवढ्यात बेल वाजली.

*

दारात एक म्हातारी आणि एक चाळिशीचा गडी. म्हातारीचं लुगडं ओलं, काठ पिळून खोचलेले. गड्याचं डोकं ताजं भादरलेलं.

“गुर्जींचं घर ह्येच ना? घाटावर म्हनले, आज घरीच हायती.” म्हातारीने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. “आमी अंदरसूलचे. येवल्याजवळ. मालक गेले आमचे. अस्थी सोडून आलो, आता नाव चढवायचं ऱ्हायलंय.”

“मावशी, आज जरा…” प्रफुल्ल म्हणाला.

“या,” दिवाकर म्हणाले. घरात काहीही चाललेलं असो, यजमानाला परत पाठवायचं नाही. तो कायदा वाटणीपत्राहून जुना होता.

म्हातारी खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर बसली, पाय पोटाशी घेऊन. तिचं नाव नवसाबाई. सोबतचा मुलगा समाधान. एवढ्या वह्या पसरलेल्या बघून तो दारातच अवघडून उभा राहिला.

“आभा, येवल्याचीच वही उघडी आहे,” दिवाकर म्हणाले. “अंदरसूलचं पान काढ. वाच. माझा चष्मा सापडत नाही.”

चष्मा त्यांच्या खिशात होता. आभाने पान काढलं. देवनागरीतलं होतं, अलीकडचं. ती वाचू लागली. आधी पणजे, आजे. नवसाबाई प्रत्येक नावाला मान हलवत होती, ओळखीचं माणूस वाटेत भेटल्यासारखी.

“‘रावजी यांचे अस्थिविसर्जनास पुत्र खंडेराव आले. सोबत भार्या नवसाबाई. पुत्र समाधान, पुत्र कारभारी.’” आभा थांबली. पुढची ओळ तिने आधी मनात वाचली, मग मोठ्याने. “‘कन्या सुलाबाई. वय वर्षे चार. कार्तिकात गत. बोरं आवडत.’”

नवसाबाईची मान हलायची थांबली.

“काय म्हनली, बाई?”

आभाने पुन्हा वाचलं.

“सुली,” नवसाबाई म्हणाली. मुलाकडे वळली. “तुझी भन. तुला आठवत नाय, तू पाळन्यात व्हता.” मग कुणाकडेच न बघता, “तिचं नाव घरात कुनी घेतलं नाय. ह्यांनी बी नाय. रेशनकारडावर नाय, सातबाऱ्यावर तर नायच. मला वाटायचं, मी एकटीच म्हनते ती व्हती म्हनून. म्या मेले की ती बी नसंल.” तिने ओल्या पदराने तोंड पुसलं. “ह्ये कुनी लिवलं?”

यादव सर तक्त्याकडे बघत होते. प्रतिभा नवऱ्याच्या खांद्यावरचा हात काढून घ्यावा की ठेवावा या विचारात.

श्यामलाला ती दुपार आठवली. नऊ वर्षांपूर्वी पुरुष बाहेर चिठ्ठीवर नावं देत होते, आणि ही बाई ओट्यापाशी पाणी प्यायला आली होती. मुलं किती, म्हणून सहज विचारलं. दोन, ती म्हणाली. मग भांडं उपडं ठेवताना म्हणाली, एक पोरगी व्हती. श्यामलाने नाव विचारलं, वय विचारलं, तिला काय आवडायचं ते विचारलं. संध्याकाळी चिठ्ठीवर दोन नावं होती. श्यामलाने तीन लिहिली. तेव्हापासून ती ओट्यापाशी येणाऱ्या प्रत्येकीला विचारत आली.

“मावशी, जो लिहायचा तो…” प्रफुल्लने सुरुवात केली.

“मी,” श्यामला म्हणाली.

“वहिनी.”

“मी लिहिलं, भाऊजी. सगळी अकरा वर्षं. पुंजाला लिहिता येत नव्हतं. मला कुणी पगार दिला नाही.” आपला आवाज इतका साधा कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. ती टेबलापाशी गेली, आभाच्या हातातलं पेन घेतलं आणि तक्ता ओढला. हात क्रमांक सात. रकाना बोटभर रुंद. तिने लिहिलं: *श्यामला.* मग वहीत लिहायची सवय, हात थांबेना. *आई यमुना. आजी अंबू.* रकाना संपला होता. *तिची आई, नाव ठाऊक नाही,* हे समासात गेलं. पुरोहिताच्या घरातल्या बायका आपल्या घरच्या वहीत नसतात. दुसऱ्यांची कुळं राखणाऱ्यांचं कूळ दुसऱ्याच कुठल्या तरी घाटावर, आणि तिथेही बाप-आजे-पणजे. या कागदाखेरीज ही तीन नावं कुठेच नव्हती. तिने अक्षरांवर फुंकर घातली.

“म्हणजे कारकून नव्हता,” प्रफुल्ल म्हणाला. फाइल पुन्हा उघडली गेली होती. “दादा, तू आत्ता माझ्यासमोर खोटं बोललास.”

दिवाकरांनी उपरण्याखालून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. झाकला नाही, दाबून धरला नाही. हात थरथरत राहिला, आणि त्याच्याखालचा संमतीपत्राचा कागद वाळल्या पानासारखा वाजत राहिला. प्रफुल्ल बघत होता. लहानपणी याच हाताने त्याला पाटीवर श्री गिरवायला लावला होता.

“बोललो,” दिवाकर म्हणाले. “हा हात झाकायला तिचं नाव पुसलं. आता तूच ठरव.” मग श्यामलाकडे न बघता, “तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. हे मी कुणाला म्हटलं नाही. तिलाही नाही.”

यादव सर घसा साफ करून म्हणाले, “मी उद्या तक्ता आहे तसा पुढे ठेवतो. न्यासाला काय म्हणायचंय ते म्हणू दे.” आणि परवानगी न मागता त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

“आणि कलम?” प्रफुल्लने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण मागेही हटलेला नव्हता. “तनयला मी काय सांगू? काकूंनी छान लिहिलंय, तू बसून राहा?”

“कलम तुमच्या बाजूनं आहे,” श्यामला म्हणाली. तिने कमरेची किल्ली काढली. बेचाळीस वर्षांच्या घडीतून ती सहज निघाली नाही, नाडी ओढावी लागली. टेबलावर ठेवली. “येवला न्या, निफाड न्या, चांदवड न्या. मागची पानं मोडीत आहेत. तनयला वाचता येईपर्यंत मी येईन त्याच्याकडे. तुम्ही बोलावलंत तर.”

प्रतिभा पटकन म्हणाली, “बोलावतील.”

“तू थांब,” प्रफुल्ल म्हणाला. किल्ली त्याच्यापासून वीतभर लांब होती. त्याने हात पुढे केला नाही, आणि मागेही घेतला नाही.

“मी काय म्हनते,” नवसाबाई जमिनीवरून म्हणाली, “किल्ली कुनाला द्यायची ती मागनं द्या. आदी ह्यांचं नाव लिवा. आमची दीडची एस्टी हाय.”

समाधान ओशाळून म्हणाला, “आई, आसं नाय बोलायचं.”

“का नाय? आन् ह्या बाईच्याच हातानं लिवा. मला दुसरं अक्षर नको.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजत आले होते. मग श्यामला खुर्चीत बसली. या टेबलाशी ती अकरा वर्षं बसत आली होती, पण दार लावून. आभाने पान तिच्याकडे फिरवलं. पंख्याच्या वाऱ्याने पानाचा कोपरा उडत होता, तिने तो डाव्या तळव्याने दाबला तर दुसरा उडाला.

प्रफुल्ल उठला. वाटलं, निघालाच. तो भिंतीपाशी गेला आणि त्याने पंख्याचं बटण बंद केलं. परत येऊन बसला, किल्लीच्या समोर, हाताची घडी घालून.

पान स्थिर झालं.

“सांगा,” श्यामला म्हणाली.

“खंडेराव रावजी,” समाधान म्हणाला. “पुत्र समाधान, कारभारी. नातू दोन.”

तिने तेवढं लिहिलं. मग पेन वर धरून नवसाबाईकडे वळली.

“आणि नाती किती?”

नवसाबाईने बोटं पुढे केली आणि एकेक मोडू लागली. पेन कागदावर चालू लागलं. किल्ली टेबलाच्या मधोमध पडून होती. लिहिताना श्यामलाचा हात एकदाही कमरेकडे गेला नाही.